काचेची तीन बर्नरची शेगडी: घेण्याआधी उलटी करून बघा

दुकानात शेगडी दाखवतात ती वरून. काळी चकचकीत काच, पितळी बर्नरच्या पिवळ्याधमक टोप्या, पुढे तीन नॉब. पुढची आठ-दहा वर्षं जे त्रास देणार ते सगळं मात्र काचेखाली असतं. त्यामुळे टोप्या आणि जाळ्या काढून शेगडी दुकानातच उलटी करायला लावायची. विक्रेता कुरकुरेल, त्याला कुरकुरू द्यावं.

उलटी केली की पुढच्या कडेने जाणारी एक नळी दिसते. तिच्यावर तीन पितळी कॉक, म्हणजे नॉबने उघडझाप होणाऱ्या तोट्या, बसवलेले असतात आणि प्रत्येक कॉकच्या तोंडाला एक जेट असतो. जेटचं भोक मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. त्यातून गॅस जोरात सुटतो, समोरच्या मिक्सिंग ट्यूबमध्ये शिरताना आजूबाजूची हवा ओढून घेतो आणि ते मिश्रण बर्नरच्या भोकांतून वर येऊन पेटतं. शेगडीची सगळी करामत एवढीच. म्हणून बघायचं तेही थोडंच आहे. जेट ट्यूबच्या बरोबर मध्यावर रोखलेला हवा, तिरका असेल तर ज्योत एका बाजूला मोठी आणि दुसऱ्या बाजूला लुळी येणार. जेटला पाना लावायला जागा हवी. नळी आणि ट्यूब स्क्रूने बसवलेल्या हव्यात, रिव्हेट मारून नकोत, नाहीतर साध्या साफसफाईसाठीही मिस्त्री ‘नवीन घ्या’ म्हणून हात वर करतो. ट्यूब जाड ओतीव असावी. पातळ पत्रा दाबून केलेली ट्यूब आधी गंजते, आणि कोकणात किंवा गोव्यात समुद्राजवळ घर असेल तर फारच लवकर.

टोपी हातात घेऊन वजन बघा आणि जमलं तर खिशात एक लोहचुंबक न्या. पितळेला चुंबक चिकटत नाही, मुलामा दिलेल्या लोखंडाला चिकटतो. अॅल्युमिनियमलाही तो चिकटत नाही, पण ते हाताला हलकं लागतं, तिथेच कळतं. खोक्यावर आणि शेगडीवरही आयएसआयची खूण आणि तिच्यावर आयएस ४२४६ हा क्रमांक असला पाहिजे. एलपीजीच्या घरगुती शेगड्यांचं भारतीय मानक ते हेच. त्यात औष्णिक कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी लागते. ही खूण नसलेली शेगडी निम्म्या किमतीत मिळाली तरी घेऊ नये.

आता तीन बर्नरबद्दल. बहुतेक मॉडेलमध्ये मधला बर्नर लहान असतो आणि दोन्ही मोठ्यांच्या मधे, जरा मागे बसवलेला असतो. एका बाजूला कुकर, दुसऱ्या बाजूला कढई चढली की मधल्यावर चहाचं पातेलंच काय ते मावतं, आणि त्याकडे हात न्यायचा तर दोन पेटत्या ज्योतींच्या मधून. घरातला सगळ्यात मोठा तवा आणि मोठा कुकर यांची रुंदी टेपने मोजून न्या आणि दोन्ही मोठ्या बर्नरच्या मध्यांमधलं अंतर दुकानात मोजा. दोन्ही भांड्यांच्या रुंदीची निम्मी-निम्मी बेरीज त्या अंतराहून जास्त होत असेल तर ती भांडी शेजारी-शेजारी बसणारच नाहीत. ओटा अरुंद असेल तर दोन बर्नरची घ्यावी हे आमचं स्पष्ट मत. तिसऱ्या बर्नरचे पैसे बहुतेक घरांत फुकट जातात.

काचेविषयी तक्रारी जास्त येतात, आणि त्यातल्या बऱ्याच काचेच्या नसून वापराच्या असतात. ही काच टफन्ड असते, म्हणजे तापवून एकदम गार केलेली. तिचा वरचा थर सतत दाबाखाली असतो. त्यामुळे मध्यभागी बसलेला धक्का ती पुष्कळ सोसते, पण कडेला टवका उडाला तर तीच काच सगळीच्या सगळी बारीक तुकड्यांत विखुरते. सुरीसारखे लांब धारदार तुकडे होत नाहीत, एवढाच दिलासा. टफन केल्यावर काच कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. म्हणजे फुटल्यावर गल्लीतल्या काचवाल्याकडून करून घ्यायची सोय नाही, त्याच मॉडेलची भोकं असलेली काच कंपनीकडूनच यावी लागते. खरेदी करतानाच विचारा: काच सुटी मिळते का, किती दिवसांत, कितीला? वॉरंटीचा कागदही तिथेच उघडून वाचा. ‘काचेला वॉरंटी’ असं खोक्यावर मोठ्या अक्षरात असतं आणि भांडं आपटून गेलेला तडा त्यात धरत नाहीत हे आत बारीक अक्षरात.

काच फुटण्याची कारणं ठरलेली आहेत. तापलेली कढई जाळीवरून उतरवून थेट काचेवर टेकवणं. स्वयंपाक आटोपल्या आटोपल्या गार पाण्याचं ओलं फडकं फिरवणं. आणि फारसं कुणाच्या लक्षात न येणारं तिसरं, बर्नरपेक्षा फार मोठं भांडं तासभर चढवून ठेवणं. पुरणाची डाळ शिजवायला किंवा वीस-पंचवीस जणांचा भात करायला रुंद पातेलं चढवलं की ज्योत तळाला आपटून बाजूला पसरते आणि उष्णता पातेल्याखाली कोंडून काचेवर येते. नॉबसुद्धा हाताला चटका देण्याइतके तापतात. असल्या कामाला ही शेगडी नव्हेच, त्यासाठी वेगळी बिडाची शेगडी असावी. शेगडीखाली वर्तमानपत्र किंवा प्लास्टिकचा कागद अंथरायची सवय असेल तर तीही सोडा. हवा खालूनच आत जाते, आणि ज्योत कधी आत जेटपाशी पेटली तर पहिला तो कागद धरतो.

पुसायला मात्र काच खरंच सोपी. गार झाल्यावर भांड्याच्या साबणाचा फेस, मऊ फडकं, मग कोरडं फडकं. तारेची घासणी वर्ज्य. दूध करपून चिकटलं असेल तर ओलं फडकं दहा मिनिटं त्यावर ठेवून द्या, मग ते आपसूक सुटतं.

देखभालीचं खरं काम बर्नरचं आहे, आणि आपल्या स्वयंपाकात ते परदेशी शेगडीपेक्षा जास्त आहे. भाकरी तव्यावरून काढून थेट आचेवर फुगवतात तेव्हा ज्वारीचं किंवा बाजरीचं सुटं पीठ बर्नरवर झडतं. भरताचं वांगं भाजताना त्याचा रस ठिबकतो आणि सालीची राख पडते. कुकरच्या शिट्टीबरोबर वरणाचं पाणी उडतं. यातलं सगळ्यात वाईट पीठ. ते भोकांत जळून कोळसा होतं, वर वाफेचं पाणी पडलं की घट्ट बसतं, आणि टोपी वरून स्वच्छ दिसत असली तरी कडेची चार-पाच भोकं बुजलेली असतात. ज्योतीच्या कड्यात मधेच दात पडल्यासारखी जागा दिसली तर समजायचं, पीठ बसलं.

रोज भाकरी होणाऱ्या घरात टोप्या आठवड्याला, इतरत्र महिन्यातून दोनदा धुवाव्यात. रेग्युलेटर बंद करून बर्नर पूर्ण गार होऊ द्या. टोपी कोमट पाण्यात, भांड्याच्या साबणात पंधरा-वीस मिनिटं बुडवा. जुन्या टूथब्रशने भोकांच्या दिशेने घासा. जे भोक तरीही मोकळं होत नाही तिथे टाचणी सरळ घाला आणि सरळ काढा, गोल फिरवू नका. काडी वापरू नका, ती आत मोडते आणि मग ती काढायला दुसरी शोधावी लागते. टोपी उजेडासमोर धरून सगळी भोकं दिसतात का बघा, मग पाणी झटकून उन्हात किंवा फडक्यावर पूर्ण वाळू द्या. ओली टोपी बसवली की ज्योत फडफडते, लालसर दिसते आणि शेगडीच बिघडली असं वाटू लागतं.

लिंबू आणि फळक्षार टाकून फेस काढायचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. पितळ त्याने चमकतं हे खरं, चिंचेनेही चमकतं. पण पाच-दहा मिनिटांत काढून धुवायचं. आंबटात रात्रभर ठेवलेली टोपी सकाळी गुलाबी दिसते. पितळेतलं जस्त पृष्ठभागावरून निघून गेलं आणि तांबं मागे राहिलं, असा त्याचा अर्थ. असं वारंवार केलं तर भोकांच्या कडा खाल्ल्या जातात. टोपीखालचा भाग किंवा ट्यूब अॅल्युमिनियमची असेल तर धुण्याचा सोडा अजिबात लावायचा नाही. त्याने अॅल्युमिनियम काळं पडतं आणि त्यात खड्डे पडतात.

टोपी परत ठेवताना लहान-मोठीची अदलाबदल करू नका आणि बोटाने जरा फिरवून ती खाचेत नीट बसली याची खात्री करा. अर्धवट बसलेली टोपी हे ज्योत आत शिरण्याचं नेहमीचं कारण आहे. ज्योत आत शिरली की वर काहीच दिसत नाही, खालून भर्र असा आवाज येतो आणि ट्यूब तापू लागते. लगेच नॉब बंद करायचा, पाच-दहा मिनिटं थांबायचं, टोपी नीट बसवून पुन्हा पेटवायचं. तरीही होत असेल तर बर्नरची भोकं झिजून मोठी झालेली असतात, तिथे टोपी बदलण्याशिवाय इलाज नाही.

भांडी काळी पडताहेत, गॅस बारीक चाललाय, ज्योत पिवळी आहे, या तीन तक्रारींत मिस्त्रीला बोलावण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारा: एकाच बर्नरला होतंय की सगळ्यांना? सगळ्याच बर्नरचा गॅस बारीक असेल तर दोष शेगडीच्या बाहेर शोधायचा. नळी कुठे मुडपली आहे का, रेग्युलेटर नीट बसला आहे का, टाकी संपत आली आहे का. अशा वेळी शेगडी उघडणाऱ्या मिस्त्रीला पैसे देऊ नका. एकाच बर्नरला त्रास असेल तर तो टोपी, ट्यूब, जेट किंवा कॉक यांपैकी कशात तरी आहे, आणि तपासायचं याच क्रमाने, कारण सोपं आणि फुकटचं आधी.

पिवळी ज्योत म्हणजे हवा कमी पडतेय. ट्यूबच्या तोंडाशी धूळ आणि तेलाचा चिकटा बसतो, काही घरांत झुरळं किंवा कोळी आत मुक्काम करतात. लांब दांड्याचा बाटली धुवायचा ब्रश आतून फिरवला की बहुतेक वेळा काम होतं. तोंडाशी फिरणारी चकती किंवा बाही असेल तर स्क्रू सैल करून ती थोडी उघडा आणि ज्योत बघत बघत थांबा. निळी ज्योत, आतला गाभा टोकदार, आवाज जवळजवळ नाही, ही योग्य जागा. त्याहून जास्त उघडलं तर ज्योत टोपीपासून उचलली जाते आणि सूं सूं करते, तिथून जरा मागे या. मिठाचं पाणी उतू गेलं किंवा केर काढताना धूळ उडाली तर ज्योतीत नारिंगी ठिणग्या दिसतात. तो बिघाड नाही, पाच मिनिटांत जातो.

जेट बुजला असेल तर तो काढून फुंकर मारा, फार तर केरोसीनमध्ये बुडवून पुन्हा फुंका. सुई घालू नका. बुजलेला जेट सुईने मोकळा होतो, पण भोक केसभर रुंदावतं आणि मग ती ज्योत जन्मभर पिवळी. अशा जेटसाठी हवेची चकती कितीही फिरवली तरी उपयोग होत नाही, नवा जेटच घ्यावा लागतो. तो स्वस्त असतो, फक्त जुन्यावर कोरलेला आकडा बघून तोच मागायचा. मोठ्या आणि लहान बर्नरचे जेट वेगळे असतात.

नॉब जड फिरणं ही दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासूनची ठरलेली तक्रार. कॉकच्या आत निमुळता पितळी गाभा असतो, त्यावरचं ग्रीस उष्णतेने सुकतं. पक्कड लावून नॉब फिरवू नका, दांडा वाकतो. वरून खोबरेल किंवा शिलाईयंत्राचं तेलही सोडू नका. ते चार दिवस बरं वाटतं, मग चिकट होऊन बसतं. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावं, पण समोर उभं राहून. टाकीवरचा रेग्युलेटर काढलेला असला पाहिजे. कॉकचे दोन स्क्रू काढून स्प्रिंग आणि गाभा बाहेर काढायचा, केरोसीनच्या फडक्याने पुसायचा, उष्णता सोसणारं गॅस कॉकचं ग्रीस बोटाने पातळ लावायचं आणि गाभ्याचं भोक मोकळं ठेवायचं. जास्त ग्रीस लावलं तर ते भोकात जाऊन गॅस बारीक होतो. प्रत्येक गाभा त्याच्याच कॉकमध्ये घासून बसवलेला असतो, त्यामुळे तिन्ही एकदम उघडून टेबलावर ओतणारा मिस्त्री थांबवा. गाभे बदलले की गळती.

बटण दाबून पेटणारी शेगडी घ्यावी का? ओट्यावरच्या काचेच्या शेगडीत आमचं उत्तर नाही असं आहे. ठिणगीची काडी आणि बर्नर यांच्यात काही मिलिमीटरचंच अंतर लागतं, काडीभोवतीची चिनीमाती ओली झाली किंवा तडकली की ठिणगी भलतीकडे उडते, आणि उतू जाणाऱ्या दुधाला ती जागा बरोबर सापडते. साधा लायटर वर्षानुवर्षं चालतो. जास्तीचे पैसे घालायचेच तर ज्योत विझल्यावर गॅस आपोआप तोडणाऱ्या सोयीवर घालावेत. ती प्रामुख्याने ओट्यात बसवायच्या महागड्या हॉबमध्ये मिळते. बर्नरशेजारच्या छोट्या दांडीला ज्योतीची धग लागते तोवरच कॉक उघडा राहतो. त्या शेगड्यांत नॉब पेटवल्यावर काही सेकंद दाबून धरावा लागतो, आणि सोडताच ज्योत जात असेल तर बहुधा त्या दांडीवर काजळी बसलेली असते. बारीक फडक्याने पुसून बघा.

नळीच्या बाबतीत कंजुषी नको. आयएसआय खुणेची, आतून तारेचं वेष्टन असलेली नारिंगी सुरक्षा नळी वितरकाकडे मिळते, तिचं आयुष्य ५ वर्षं, आणि वर्ष तिच्यावरच छापलेलं असतं. ती दीड मीटरपेक्षा लांब नको, दोन तुकडे जोडलेली नको, शेगडीच्या खालून किंवा मागून गरम जागेवरून जाणारी नको. म्हणूनच शेगडी घेताना गॅस आत घेणारी नळकांडी उजवीकडे आहे की डावीकडे आणि ती फिरते का हे बघा. टाकी ज्या बाजूला, नळकांडी त्या बाजूला. टाकी कायम उभी. संपत आली म्हणून आडवी करणं किंवा गरम पाण्यात ठेवणं ही चार कप चहासाठी घेतलेली जोखीम आहे.

दुरुस्तीनंतर आणि प्रत्येक टाकी बदलल्यावर साबणाचा फेस जोडांवर लावा: नळीची दोन्ही टोकं, रेग्युलेटर, कॉकचे दांडे. बुडबुडे फुगत असतील तर गळती आहे. काडी पेटवून बघणारे अजून भेटतात, त्यांना ओट्याजवळ येऊ देऊ नका. वास आला तर रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, दिव्याचं किंवा पंख्याचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही नाही, आणि घराबाहेर जाऊन १९०६ ला फोन. एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साठतो, म्हणून दार आधी उघडायचं.

मुंबई-पुण्यात पाइपचा गॅस आलेल्या घरांसाठी एक वेगळी गोष्ट. त्याचा दाब कमी, साधारण २१ मिलीबार, तर टाकीच्या रेग्युलेटरमधून ३० च्या आसपास. शिवाय तेवढ्याच आकारमानात त्यातली उष्णताही एलपीजीपेक्षा बरीच कमी. म्हणून त्याला मोठ्या भोकाचे जेट लागतात आणि जोडणी देताना कंपनीची माणसं ते बदलतात. जुने जेट त्यांच्याकडून मागून घ्या, पुडीत बांधून वर ‘टाकीचे’ असं लिहा आणि शेगडीच्या कागदांबरोबर ठेवा. तीच शेगडी उद्या गावच्या घरी टाकीला जोडली आणि जेट पाइपचेच राहिले, तर ज्योत हातभर पिवळी उसळेल.